अडीच वाजता

आग्लाया परत आली, त्याला आज तेवीस दिवस झाले.
पादोव्हाची बस पहाटे सोरोक्यात शिरली.
थांब्यावर मी, दोन पोरं,
आणि बसच्या पोटातून निघालेल्या चौकड्यांच्या तीन पिशव्या;
चिकटपट्टीवर आमचंच आडनाव,
पण अक्षराला परकं वळण.

नऊ वर्षं.
दर महिन्याला ड्रायव्हरच्या हाती खोकं यायचं.
कॉफी, चीज, पोरांचे बूट.
बुटांचं माप ती फोनवर विचारून घ्यायची
आणि खोकं पोचेपर्यंत
पाय पुढे निघून गेलेले असायचे.

पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं,
मीठ कुठे ठेवता?
ठेवता, म्हणाली.
मी म्हणालो, खिडकीखाली, निळ्या डब्यात,
आणि डबा काढून द्यायला इतक्या घाईनं उठलो
की खुर्ची पडली.

आता मामालिगा मीच करतो.
पहिल्या वर्षी गुठळ्या व्हायच्या.
भिंतीपलीकडून पाराश्किवा म्हातारी ओरडायची,
पीठ धारेनं सोड रे मेल्या, धारेनं!
आता गुठळी होत नाही. फळीवर पालथा घातलेला
पिवळाधमक गोळा मी दोऱ्यानं कापतो.
परवा दोऱ्याचं एक टोक तिनं उचललं, सवयीनं,
दुसरं माझ्या हातात होतं, सवयीनं.
कुणी सोडायचं, हे ठरेपर्यंत
त्यावर साय धरली.

इलिंका चौदा वर्षांची.
बाईंशी बोलावं तशी ती आईला
"तुम्ही घ्या ना अजून" म्हणाली
आणि कानापर्यंत लाल झाली.
आग्लायानं घेतलं अजून.

दोरिन तीन वर्षांचा होता ती गेली तेव्हा.
आई म्हणजे त्याच्यासाठी तळहाताएवढी काच,
मधूनच गोठणारी.
अजून तो तिच्याशी ओरडून बोलतो,
समोर बसून, टेबलाच्या ह्या काठावरून:
आई, ऐकू येतंय का?
येतंय, म्हणते ती,
आणि हसताना चेहरा जरा स्थिर धरते,
त्याला सोपं जावं म्हणून.

दिवसाचं असं आहे. दिवस निभतो.
अंगणातल्या अक्रोडाखाली पानं गोळा करायची असतात,
कोंबड्या असतात, गॅसचं बिल असतं.
रात्री अडीच वाजता ती उठते.
गजर नाही, काही नाही.
अंधारात अनवाणी पलंगाला वळसा घालून
माझ्या बाजूला येते,
एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली,
आणि मला कुशीवर वळवते.
पियानो, पियानो, पुटपुटते.
आधी मला वाटलं, वाजवायची पेटी.
हळू, हळू, असा अर्थ असावा.

सिन्योरा ओर्नेल्ला फेब्रुवारीत वारली.
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून
तिला रात्रीतून तीनदा वळवावं लागायचं,
हे आग्लायानं कधी सांगितलं नव्हतं.
फोनवर ती फक्त विचारायची.

मी जागा असतो.
नव्वद किलोंचा, सिमेंटची पोती उचलणारा माणूस,
अंग सैल सोडतो, पाय जरा दुमडून देतो,
तिला जड होऊ नये म्हणून.
ती पांघरूण सारखं करते, टाचा चाचपते.
काल तिचा हात माझ्या पाठीवर थांबला,
जिथे तो उंचवट्याचा तीळ आहे.
बराच वेळ थांबला.
ती काही बोलली नाही. मी घोरल्यासारखं केलं,
वाईट केलं बहुतेक.

आज सकाळी तिचा आवाज चढला.
नऊ वर्षांत पहिल्यांदा, ह्या घरात:
कपात चमचा तसाच ठेवून कोण जातं रोज?
मी बघितलं नाही वर. इलिंकाही नाही.
दोरिन दारात, एक बूट घातलेला,
अगदी हळू म्हणाला,
ऐकू येतंय, आई.

चमचा अजून कपातच आहे.